चौरंगामागचा बोर्ड

आमच्या कानबाईचा नारळ किती जुना होता, हे घरात कोणालाच सांगता यायचं नाही. माझ्या पणजीने तो तिच्या सासूच्या हातून घेतला होता, एवढंच ऐकून होतो. वाळून वाळून तो लाकडासारखा झाला होता. वर्षभर लाल फडक्यात गुंडाळून देवघरातल्या डब्यात असायचा आणि श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बाहेर निघायचा. त्याला डोळे लावायचे, नथ घालायची, पाठीमागे साड्यांचा मांडव करायचा. मग तो नारळ उरायचा नाही, कानबाई व्हायची. खानदेशाबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. धुळ्यात माझ्या शेजारी राहणाऱ्या पुण्याच्या बाई एकदा म्हणाल्या, "म्हणजे आपल्या गणपतीसारखंच." मी म्हटलं, नाही. गणपती गल्लीचा असतो, पाहुण्यांचा असतो. कानबाई फक्त भाऊबंदकीची, म्हणजे एका कुळातल्या घरांची. तिच्या नैवेद्याचे रोटसुद्धा घरच्या रक्ताच्या माणसांनी आणि सुनांनी खायचे. लग्न होऊन गेलेल्या मुलीलाही ते चालत नाहीत. मला चालत नाहीत.

या रोटांचे गहू मोजायची आमच्याकडे एक रीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने एकेक मूठ गहू सुपात टाकायचे. पाळण्यातल्या मुलाचीसुद्धा मूठ असते. बाईची नसते. माझ्या लहान काकांच्या नावाची मूठ ते गेले त्या वर्षी थांबली. त्यांना मूल नव्हतं. म्हणजे काकूच्या घराची मूठच संपली. आजी तेव्हा होती. तिने सूप बाजूला ठेवलं, काकूकडे पाहिलं आणि सांगितलं, "आतेपाईन दिवा तुना."

कानबाई बसली की तिच्यासमोर समई लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नदीवर नेईपर्यंत ती विझू द्यायची नाही. आजीने तो दिवा त्या दिवसापासून काकूला दिला. काकू विधवा, म्हणून नारळाला हात लावायचा नाही, ओटी भरायची नाही, मिरवणुकीत देवी डोक्यावर घ्यायची नाही. पण दिवा तिचा. वात तिने वळायची, तेल तिने घालायचं, रात्रभर जागायचं तिने. बाकीच्या बायका गाणी म्हणताना आळीपाळीने डुलक्या काढायच्या. काकूचा डोळा लागलेला मी कधी पाहिला नाही. कोणी म्हणायचं, "काकू, पाठ टेका जरा." ती म्हणायची, "वर्सातून एकच तं रात शे मनी."

आता हे सगळं मी का सांगते आहे तर त्या बोर्डासाठी.

मी आमच्या भाऊबंदकीतली पहिली पदवीधर. अमळनेरला बसने जाऊन-येऊन भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं. गावातून सकाळची एसटी धरायची, तेव्हा काकू दारात उभी राहून भाकरीचं फडकं माझ्या हातात द्यायची. आज धुळ्याला ज्युनिअर कॉलेजच्या मुलांचे प्रयोग घेते. मला या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. आमच्या घरात कोणाला तारेची जाडी आणि तिच्यातून जाणारा करंट यांचा संबंध माहीत असेल, तर तो मला. त्याचा उपयोग किती झाला, ते पुढे येईलच.

त्या वर्षी कानबाई मोठ्या काकांकडे होती. त्यांना सगळे नाना म्हणतात. नानांचा मुलगा सुरतेला असतो. नाना त्याच्याकडे महिनाभर राहून आले आणि येताना लाइटिंग घेऊन आले. दिव्यांच्या माळा, फिरणारं रंगीत चक्र, देवीला वारा घालायला टेबलफॅन, गाण्यांचा स्पीकर आणि हे सगळं लावायला एक पांढरा एक्स्टेन्शन बोर्ड. बोर्ड दिसायला देखणा होता. त्याला भरपूर खाचा, वर लाल बटण. पण वायर? हातात धरली तर राखीच्या दोऱ्यासारखी वाटावी.

आम्ही धुळ्याहून रविवारी दुपारी पोचलो तोपर्यंत मांडव उभा झाला होता. पाठीमागे बांबूला साड्या लावल्या होत्या. दरवर्षी प्रत्येक घरातून एकेक साडी येते. काकूची तिच्या लग्नातली, मोरपंखी, मधोमध होती. तिला ती नेसता येत नाही, म्हणून वर्षातून एकदा देवीमागे लागते. बोर्ड कुठे दिसेना. मी विचारलं तर नाना खुशीत म्हणाले, "चौरंगना मांगे शे, साडीखाले. देवीसमोर वायरी लोंबतील तं बरं दिसस का?"

तसं आमच्याकडे सगळेच करतात. देवीपुढे वायर दिसणं म्हणजे पाहुण्यांपुढे फाटका सदरा घालून बसणं. मग ती लपवायची आणि लपवायला साडीइतकं सोयीचं काय? दुसरी सवय फ्यूजची. सणात सारखा फ्यूज उडतो, म्हणून त्यात चांगली जाड तार घालून ठेवायची, म्हणजे उडायची कटकट नाही. नानांनी ती घातलेली होती. ते मला नंतर कळलं.

संध्याकाळी स्थापना झाली. दिवे लागले, चक्र फिरायला लागलं, आणि खरं सांगते, सुंदर दिसत होतं. शेजारच्या गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला आल्या. एक म्हणाली, "नाना, कानबाई शे का सुरतनी साडीनी दुकान?" नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला.

काकू समईजवळ तिच्या जागेवर बसली होती. थोड्या वेळाने ती मला म्हणाली, "पोरी, कसाना तरी वास यी राह्यना."

माझ्या आधी माझी आईच बोलली, "धूप शे ना तो. दर सालनाच शे."

"धूपना नही. लाखनी बांगडी तापाडतस ना, तसा."

"तुमनं नाक काढीसन ठेवा एक रात," कोणीतरी मागून म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. काकूही हसली. मी चौरंगाच्या बाजूला जाऊन वाकून हुंगलं. धूप, कापूर, झेंडू, माणसांचा घाम, यापलीकडे काही कळलं नाही. मी काही केलं नाही असं नाही. मी नानांना म्हटलं, फॅन आणि स्पीकर तरी वेगळ्या पॉइंटवर लावा. ते म्हणाले, "सकाळले जायना शे देवीले, एक रातनी गोठ." त्यांनी स्पीकर बंद केला, तेवढा माझा मान ठेवला. पहाटे गाण्यांसाठी तो परत लागला.

सकाळी आरती झाली. नदीवर जायचं म्हणून अंगणात वाजंत्री वाजायला लागली. ज्या सुनेची देवी डोक्यावर घ्यायची पाळी होती ती परसात आंघोळ करून साडी नेसत होती. आम्ही सगळे बाहेर, कोण टोपी शोधतंय, कोण मुलांना ओरडतंय. आत एकटी काकू आणि तिचा दिवा.

मग काकूचा आवाज आला. "आग! देवीमांगे आग लागनी!" वाजंत्रीच्या आवाजात तो अर्धा बुडाला. तिने तीनचारदा तरी हाक मारली असेल. कोणाचं नाव घेऊन नाही. अंगणात दाराच्या सर्वांत जवळ नाना उभे होते, आणि नाना तिचे जेठ. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको जेठाशी थेट बोलत नाही. पदर कपाळापर्यंत, आणि काही सांगायचं तर मधल्या कोणाकडे तरी, "नानास्ले सांगा". इतकी वर्षं एका गल्लीत राहून त्या दोघांनी एकमेकांशी एक वाक्य बोललेलं मी ऐकलेलं नव्हतं. त्या दिवशीही तिने नानांना हाक मारली नाही. नुसतं "आग, आग" म्हणाली.

आम्ही वळलो तेव्हा जे पाहिलं ते असं. काकू दारातून बाहेर येत होती, दोन्ही हातांत समई, समईची ज्योत तशीच जळती, आणि तिच्या मागे देवीच्या मांडवाला छतापर्यंत जाळ.

नायलॉनच्या साड्या. त्या नुसत्या पेटत नाहीत, जळत जळत गळतात. थर्माकोलची कमान होती, ती फडफडत खाली आली. पुरुष माणसं आत घुसली, घोंगड्या, मातीची घमेली, कोणीतरी मीटरकडे धावलं. माणूस कोणी भाजला नाही. पण विझल्यावर चौरंगावर नथीची वाकलेली तार होती आणि एक काळा गोळा. तो नानांनी उचलला तर हातातच फुटला. एवढा म्हातारा नारळ, आत नुसतं कोरडं. नाना खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं, काका गेले तेव्हाही नाही.

अंगणात कोण आधी बोललं मला आठवत नाही. खरं तर आठवतं, पण त्या बाईचं आता वय झालं आहे. ती म्हणाली, "देवीले सोडीसन दिवा लईसन पळनी!"

तेवढं पुरे झालं. दिवा काकूजवळ. आग लागली तेव्हा आत काकू. बाहेर आली तेव्हा हातात पेटता दिवा. आणखी काय पाहिजे? कोणी म्हणालं डोळा लागला असेल, पदर लागला असेल वातीला. कोणी म्हणालं, मुळात विधवेच्या हातात दिवा द्यायलाच नको होता, म्हातारीने चुकीची रीत पाडली, आज देवीने दाखवलं. काकू समई खाली ठेवून अंगणाच्या कडेला उभी होती. तिचा पदर मी पाहिला. कुठेही डाग नव्हता. तिने तोंड उघडलं होतं, पण तेव्हाच नाना म्हणाले, कोणाकडेही न बघता, "दिवाच व्हयी. दुसरं काय?" मग तिने तोंड मिटलं. जेठ बोलल्यावर ती काय बोलणार?

दुपारी सगळे पांगल्यावर मी त्या खोलीत गेले. मी तपास वगैरे करायला गेले असं नाही, मला घरात बसवेना. पण डोळ्यांना जे शिकवलंय ते ते बघतातच. जिथे समई होती तिथे जमिनीवर तेलाचा ओला गोल होता आणि त्याभोवतीची रांगोळी, पायांनी पुसली ती कड सोडली तर, जशीच्या तशी. पाकळ्या, ठिपके, सगळं. म्हणजे आग पुढून मागे गेलीच नव्हती. चौरंगाचे पुढचे पाय नुसते काळवंडलेले, मागचे कोळसा. भिंतीवर काजळी खालून एका जागी अरुंद सुरू होऊन वर पसरत गेली होती, आणि जिथे ती सुरू झाली होती तिथे फरशीला चिकटलेला एक पांढरा-काळा गोळा होता. तो बोर्ड. फॅनची पिन त्याच्यात वितळून रुतली होती. आतली पितळेची पट्टी निळी-जांभळी पडली होती. पिन ढिली बसली की तिथे जोड गरम होतो, जितका जास्त लोड तितका जास्त, आणि गरम झाला की पट्टी आणखी ढिली होते. हे चक्र तासन्‌तास चालू शकतं. ज्योत लागत नाही, नुसता वास येत राहतो. लाखेची बांगडी तापवल्यासारखा. फ्यूजमध्ये बारीक तार असती तर वायर तापण्याआधी ती तरी कदाचित वितळली असती. वरून साडी गच्च, उष्णता जाणार कुठे?

मी तो गोळा विळीने फरशीवरून सोडवला आणि नानांसमोर नेऊन ठेवला. आई, माझे वडील, दोघं-तिघं भाऊबंद बसले होते. मी सगळं सांगितलं, वर्गात सांगते तसं, सोपं करून. रांगोळी दाखवायला चला म्हटलं. कोणी उठलं नाही.

एक लांबचे चुलते म्हणाले, "तू शिकेल शे, मान्य शे. पन बठ्ठं तुलेच समजस का?"

"सगळं नाही, मला एवढं समजतं की हा दिव्याने जळलेला नाही."

"मंग नानानी जाळी का देवी?" ते म्हणाले.

वडिलांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, की आता गप्प बस. मला तेव्हा कळलं की इथे आग कशाने लागली हा प्रश्नच नाही. दिव्याने लागली असेल तर ती बाईची चूक आहे किंवा देवीचा कोप आहे, आणि दोन्ही घराला सोसवण्यासारखं आहे. बोर्डाने लागली असेल तर घरातल्या कर्त्या माणसाने हौसेने आणलेल्या वस्तूने कुळाची देवी जाळली. ते कोण म्हणणार?

मी निघताना नाना माझ्यामागून फाटकापर्यंत आले. हळूच म्हणाले, "तुनं खरं व्हयी. सकाळले मी फॅननी पिन दाबी तं बोटले चटका बसना व्हता." मग म्हणाले, "पन मी भाऊबंदीमा कोनता तोंडे सांगू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. अजून दोन्ही येतं.

पुढच्या महिन्यांत मी जेव्हा जेव्हा गावी गेले, तेव्हा काकूकडे गेले. तिचं घर त्याच गल्लीच्या टोकाला, दोन खोल्यांचं. पहिल्या वेळीच एक गोष्ट लक्षात आली. दिवेलागण झाली, गल्लीत घराघरांत तुळशीपुढे दिवे लागले, आणि काकूने उठून बल्बचं बटण दाबलं. बस. देवघरात अंधार. काड्याची पेटी चुलीपुरती. मी म्हटलं, "काकू, दिवा?"

"काय करना शे दिवा लाईसन."

मला वाटलं तिला खरंच शंका पडली आहे. माणसाला दहा जणांनी सांगितलं की त्याचंच चुकलं, तर त्याला स्वतःचे डोळे खोटे वाटायला लागतात. म्हणून मी तिला समजावायला लागले. रांगोळी, काजळी, पितळेची पट्टी, ढिली पिन. माझं चांगलं लांबलचक बोलून झालं. ती शेंगा फोडत ऐकत होती. मग म्हणाली,

"माले काय समजाडस? मी तठेच व्हतू ना. मांगे धूर निंघना, मंग साडी पेटनी. मनीच साडी. मी देखं. त्यास्ले समजाड."

मग, जे मला कोणीही विचारायला हवं होतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं. तू नारळ का नाही उचललास?

तिने हातातली शेंग खाली ठेवली. "नारळले हात लावाना मना हक व्हता का?"

ती रडली नाही. रागावलीही नाही. माझ्याकडे अशी बघत राहिली जशी मी शिकलेली, मला तरी हे माहीत असेल असं तिला वाटलं होतं. "दिवा मना व्हता," ती म्हणाली. "तो मी लईसन निंघनू. इझू दिन्हा नही."

त्या घरातून निघून बसस्टँडपर्यंत मी कशी आले मला माहीत नाही. एसटीत खिडकीशी बसून रडले. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "माहेरून निघालीस का बेटा?" मी हो म्हटलं. ते खरंच होतं.

दुसऱ्या श्रावणात नवी कानबाई आणली. नारळ वाजतगाजत परणून, म्हणजे नवरीसारखा मानाने, आणतात, तसा आणला. नानांच्याच घरी, कारण जिथे मोडली तिथेच बसवायची असं ठरलं. भिंतीला नवा रंग होता. मांडव पुन्हा साड्यांचा, पण मध्ये मोरपंखी नव्हती. काकूला निरोप गेला होता, आणि ती आली. तिने येऊ नये असं मला वाटत होतं. ती उंबऱ्याच्या आत, दाराला पाठ लावून बसली.

देवीसमोर समई नव्हती. प्लास्टिकचा दिवा होता, बल्बची ज्योत हलणारा. मागच्या वर्षी धडा मिळाला, आता घरात उघडा दिवा नको, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आणि त्या दिव्याची वायर चौरंगावरून मागे, साडीखाली गेली होती.

मी उठले. गेले, साडी उचलली, बोर्ड बाहेर ओढला आणि देवीच्या पुढ्यात, फरशीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. तसाच पांढरा, तशाच खाचा. माळा, फॅन, दिवा, सगळं त्यालाच. मी हात लावून पाहिला. कोमट होता. "हात लावा," मी म्हटलं. "ज्याला खरं-खोटं करायचं आहे त्याने यावं आणि हात लावावा."

गाणं थांबलं. एका मुलाने हात लावला आणि आईने त्याला ओढून घेतलं. बाकी कोणी पुढे आलं नाही. नाना उठले. मला वाटलं मला बाहेर काढतात. ते आतल्या खोलीत गेले आणि माळ्यावरून समई काढून घेऊन आले, चिंच लावून घासलेली नव्हती, काळी पडली होती. त्यांनी ती काकूसमोर ठेवली. शेजारी काड्याची पेटी ठेवली. आणि मला म्हणाले, "तिले सांग, दिवा लाव म्हना."

ती हातभर अंतरावर बसली होती. तिने ऐकलं होतं. पदर सारखा केला, आणि तीही मलाच म्हणाली, "नानास्ले सांग, आग कसानी लागनी व्हती ते बठ्ठास्ना समोर तोंडे सांगा. मंग लावसू."

मी काय सांगायचं होतं? सगळ्या खोलीने दोघांचं ऐकलं होतं. नाना देवीकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. "तिले सांग..." एवढं म्हणाले. परत म्हणाले, "तिले सांग..." आणि मग त्यांना पुढचं आलं नाही. मी मनात म्हणत होते, बोला नाना, एकच वाक्य आहे, फाटकाशी मला सांगितलंत तेच. त्यांनी मान खाली घातली.

काकूने थोडा वेळ वाट पाहिली. घाई केली नाही तिने. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, नव्या कानबाईला लांबूनच हात जोडले आणि गेली.

समई दारात तशीच होती. आरतीला बायका तिला ओलांडू नये म्हणून वळसा घालून आत येत होत्या. बोर्ड मात्र रात्रभर बाहेर राहिला, देवीसमोर, उघडा. तो परत साडीखाली सरकवायची कोणाची हिंमत झाली नाही. फॅन आणि माळा कोणीतरी न सांगताच काढल्या.

काकू त्याच हिवाळ्यात धरणगावला भावाकडे राहायला गेली. तिथे फोन केला की मी संध्याकाळचा करते. भावजय उचलते, काकूला देते. इकडचं-तिकडचं बोलतो. मग मी विचारते, आणि माझा प्रश्न तिला आता माहीत झालेला आहे, मी तो पुरा करण्याआधीच ती सांगते, "बल्ब लायेल शे पोरी."